वाढदिवसाची कॅसेट

मित्रांनो, तुमच्या पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओ तुमच्या घरी असेलच. आईच्या नाहीतर बाबांच्या मोबाइलमध्ये कुठंतरी दडलेला असेल. आमच्या लहानपणी घरोघरी कॅमेरे नव्हते. फार तर फोटोंचा एखादा अल्बम असायचा, आणि तो पाहुण्यांना चहाबरोबर कौतुकानं दाखवला जायचा. पण आमच्या घरात एक व्हिडिओ कॅसेट होती. काळी, जाडजूड, पुस्तकाएवढी. तिच्यावर आईच्या अक्षरात लिहिलं होतं, 'पहिला वाढदिवस, एप्रिल १९९७'.

आज मी तुम्हांला त्या कॅसेटची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट माझ्या धाकट्या भावाची आहे. त्याचं खरं नाव इथं लिहीत नाही. घरात आम्ही त्याला छोटू म्हणतो. आता तो तिशीला टेकलाय, माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, तरी आमच्यासाठी छोटूच!

आम्ही तेव्हा सांगलीला राहत होतो. मी नुकतीच पाचवीची परीक्षा दिली होती. मुंबईचा मामा ऑफिसातल्या मित्राचा कॅमेरा मागून घेऊन आला होता. तो कॅमेरा घेऊन मामा घरभर फिरत होता आणि आम्ही पोरं त्याच्या मागं मागं. आजी औक्षणाची तयारी करत होती, आई सकाळपासून बटाटेवड्यांत होती, आणि बाबांचे गाल फुगे फुगवून फुगवून लाल झाले होते. मी छोटूसाठी कार्डशीटची टोपी केली होती. तिला चमकी लावली होती, पुढं त्याचं नाव रंगवलं होतं. दोन दिवस मी त्या टोपीपायी खपत होते.

छोटू सतरंजीच्या कडेला बसला होता. त्याच्या हातात स्टीलच्या डब्याचं झाकण होतं. ते तो फरशीवर गरगर फिरवायचा आणि थांबलं की पुन्हा फिरवायचा. मी त्याच्यासमोर बसून हाका मारत होते, "छोटू, ए छोटू! बघ की, तायडीनं काय आणलंय!" एकदा नाही, दहादा. तो वळेचना. मी टोपी त्याच्या डोळ्यांपुढं नाचवली. त्यानं मान वाकडी केली आणि टोपीच्या बाजूनं झाकणाकडे बघायला लागला.

मला राग आला. दोन दिवसांची मेहनत, आणि हा बघायलाही तयार नाही! मी हळूच त्याच्या दंडाला चिमटा काढला. तो कळवळून रडला. पण रडतानाही त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. झाकणाकडे बघतच रडला. आई धावत आली. "मुंगी चावली वाटतं," मी म्हटलं.

ही गोष्ट मी सतरा वर्षं कुणालाही सांगितली नाही.

छोटू तेव्हा सगळ्यांच्या कौतुकाचा विषय होता. "गुणी बाळ आहे गं," आजी म्हणायची, "जिथं ठेवाल तिथं बसतंय. रडणं नाही, हट्ट नाही." शेजारच्या काकूंची मुलगी त्याच्यापेक्षा तीन आठवड्यांनी लहान होती. ती मात्र सगळ्यांच्या नाकी नऊ आणायची. सारखी 'घे घे' म्हणून हात वर करायची, दिसेल त्या वस्तूकडे बोट दाखवायची, काकू जरा दिसेनाशा झाल्या की भोकाड पसरायची. छोटूचं तसं काहीच नव्हतं. त्याला उचलायला वाकलं, तरी तो हात पुढं करायचा नाही. उचलल्यावर एखाद्या पोत्यासारखा अंगावर पडून राहायचा. आजी त्याच्याशी पदराआडून 'बुवा कुक' खेळायची. काकूंची मुलगी खदाखदा हसायची आणि स्वतःच आजीचा पदर ओढायची. छोटू पदराचे काठ बघत बसायचा. संध्याकाळी गच्चीवर नेऊन आजी बोटानं चांदोमामा दाखवायची. छोटू कधी आजीचं बोट बघायचा, कधी काहीच बघायचा नाही. चांदोमामा मात्र बघायचा नाही.

वाढदिवसानंतर तो 'मम्म' आणि 'बाबा' असे दोन शब्द बोलायला लागला होता. दीड वर्षाचा झाला तोवर ते दोन्ही गेले. कधी गेले, हे आम्हांला कळलंही नाही. झोपेत असताना पाऊस थांबावा ना, तसं.

मग घरात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे, "मुलगे उशिराच बोलतात." कुणी म्हणे, "त्याचा काका नाही का, चार वर्षांचा झाल्यावर बोलला!" त्याला ऐकू येत नसेल, अशीही शंका आली. पण स्वयंपाकघरात बिस्किटाच्या पुड्याचा कागद नुसता चुरचुरला, की हा बाहेरच्या खोलीतून धावत यायचा. मिरजेला नेऊन कान तपासले. कान उत्तम होते! म्हणजे कागदाचा आवाज ऐकू येतो, आणि आईची हाक ऐकू येत नाही? आम्ही चक्रावूनच गेलो.

काही हवं असलं, की तो बोट दाखवायचा नाही. माझं मनगट धरून मला ओढत न्यायचा आणि माझा हात नळावर नाहीतर कपाटावर ठेवायचा. माझ्या तोंडाकडे बघायचाही नाही. जणू माझा हात म्हणजे पक्कड नाहीतर सांडशी!

आणि मग दोष शोधणं सुरू झालं. माझी आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. "आई दिवसभर बाहेर, पोराला माया कुठून मिळणार?" असं नात्यातलं एक माणूस सगळ्यांदेखत म्हणालं. माणूस शिकलेलं होतं, वयानं मोठं होतं. आईनं उलट उत्तर दिलं नाही. त्या रात्री तिनं नोकरीचा राजीनामा लिहिला. मी अंथरुणात जागी होते. मला आईच्या पेनाचा आवाज ऐकू येत होता.

माझ्या मनात वेगळाच हिशेब चालला होता. मी चिमटा काढला, म्हणून छोटू माझ्याशी बोलत नाही. मग तो कुणाशीच बोलेनासा झाला. म्हणजे हे सगळं माझ्यामुळं झालं! मोठ्यांना हसू येईल, पण दहा-अकरा वर्षांच्या मुलीला तो हिशेब अगदी बरोबर वाटत होता. बेरजेच्या गणितासारखा.

२००१ साली मामानं आम्हांला मुंबईला बोलावून घेतलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी छोटूला तीन वेळा बोलावलं, त्याच्याबरोबर जमिनीवर बसून खेळल्या, आईला शंभर प्रश्न विचारले. शेवटी म्हणाल्या, "याला ऑटिझम आहे." छोटू तेव्हा पाच वर्षांचा होत आला होता. आईनं पहिला प्रश्न विचारला, "माझं काय चुकलं?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "काहीही नाही." पण आईचा त्यावर विश्वास बसला नाही. कुणी वर्षानुवर्षं बोल लावला, की तो एका वाक्यानं पुसला जात नाही.

ऑटिझमला आपल्याकडे 'स्वमग्नता' म्हणतात. हा काही सर्दी-तापासारखा आजार नाही. तो एकापासून दुसऱ्याला होत नाही. अशा मुलांच्या मेंदूची घडण वेगळ्या रीतीनं होते आणि ती सुरुवात जन्माच्या आधीपासूनच असते. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचे भाव, आवाजातला चढउतार, डोळ्यांची खूण, या गोष्टी तुम्ही-आम्ही न शिकवता उचलतो. स्वमग्न मुलाला त्या आपोआप उमगत नाहीत. उलट काही आवाज, काही स्पर्श, फिरणाऱ्या वस्तू त्याला आपल्यापेक्षा कितीतरी तीव्रतेनं जाणवतात. एखादं मूल मुळीच बोलत नाही, एखादं भरपूर बोलतं; एखाद्याला पदोपदी मदत लागते, एखादं शिकून मोठ्या हुद्द्यावर जातं. दोन स्वमग्न मुलं एकसारखी नसतात, जशी दोन बिगरस्वमग्न मुलंही नसतात.

१९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोर शहरातल्या डॉ. लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांची हकीकत प्रथम सविस्तर लिहिली. त्यात ८ मुलगे होते, ३ मुली. ती हकीकत मी मोठेपणी वाचली तेव्हा अंगावर काटा आला. ही मुलं उचलून घ्यायला वाकलं तरी हात पुढं करत नाहीत, असं त्यांनी लिहिलं होतं! त्यांतल्या काहींना आधी बहिरं समजलं गेलं होतं. म्हणजे आमच्या सांगलीतल्या छोटूची गोष्ट चोपन्न वर्षांपूर्वीच तिकडं कुणीतरी लिहून ठेवली होती.

पण पुढं एक मोठी चूक झाली. आई-वडिलांच्या, विशेषतः आईच्या थंडपणामुळं मूल असं होतं, असं काही तज्ज्ञ म्हणू लागले. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली अशाच मताचं पुस्तक लिहिलं आणि ते खूप गाजलं. कितीतरी आयांनी तो घाव मुकाट्यानं सोसला. याच्या विरोधात आधीच एक पुस्तक आलं होतं. ते १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञांनी लिहिलं होतं, आणि त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. हा दोष मायेचा नाही, याचं मूळ शरीरातच आहे, असं त्यांनी मांडलं. पुढच्या संशोधनानं रिमलँड खरे ठरले. पण जुनी मतं मरता मरत नाहीत. आमच्या नात्यातलं ते माणूस बेटेलहाइमचं नावसुद्धा ऐकून नव्हतं, तरी बोललं मात्र त्याचंच वाक्य!

आता कॅसेटकडे येऊ.

२०१३ साली मला मुलगी झाली. भावंडांपैकी एकाला स्वमग्नता असली, तर दुसऱ्याला असण्याचा संभव जास्त असतो, हे मी वाचलं होतं. मी तर नुसती मावशी-आत्या नव्हे, आईच झाले होते! भीतीपोटी मी जे मिळेल ते वाचू लागले. आणि वाचता वाचता एका अभ्यासाशी थांबले.

१९९४ सालचा तो अभ्यास. अमेरिकेत सिॲटल इथं वॉशिंग्टन विद्यापीठात ज्युली ऑस्टर्लिंग आणि जेराल्डिन डॉसन या दोघी संशोधकांनी एक साधी युक्ती केली होती. मूल स्वमग्न आहे हे बऱ्याच उशिरा कळतं. मग ते तान्हं असताना कसं होतं, हे कसं पाहायचं? त्यांनी पालकांकडून मुलांच्या पहिल्या वाढदिवसाच्या व्हिडिओ कॅसेटी मागवल्या! ११ मुलं पुढं स्वमग्न ठरलेली, ११ मुलं इतर. मग त्या कॅसेटी बारकाईनं पाहून मुलं काय करतात याची नोंद केली. चार गोष्टींत फरक दिसला. मूल माणसांच्या चेहऱ्याकडे बघतं का? नावानं हाक मारली की वळतं का? हातातली वस्तू दुसऱ्याला दाखवतं का? बोट दाखवतं का? नुसत्या या चार गोष्टींवरून २२ पैकी २० मुलांचा गट बरोबर ओळखता आला.

पहिला वाढदिवस. व्हिडिओ कॅसेट. मी पुस्तक मिटलं आणि सांगलीला फोन लावला, "आई, ती कॅसेट आहे का गं अजून?"

कॅसेट होती. माळ्यावर, दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या खोक्यात. फितीवर बुरशी आली होती. फोटो स्टुडिओवाल्या दादांनी ती साफ करून पेन ड्राइव्हवर घालून दिली. "दोन-चार ठिकाणी मुंग्या येतील ताई," ते म्हणाले. २०१४च्या मे महिन्यात, एका दुपारी, आई आणि मी ती बघायला बसलो. बाबा छोटूला घेऊन मुद्दाम बाहेर गेले होते.

पडद्यावर आजी आली. ती जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. आम्ही दोघीही थोडा वेळ काही बोललो नाही. मग मी वही उघडली आणि रेघा मारायला लागले. हाक मारली की एक रेघ. वळला की एक टिंब.

३८ मिनिटांचं चित्रण होतं. रेघा झाल्या ४१. टिंब एकच, आणि तेही मागं दार आपटलं म्हणून! त्यानं कुणाला काही दाखवलं नाही. बोट एकदाही उचललं नाही. फुगा फुटला तेव्हा सगळ्या मुलांनी दचकून आपापल्या आयांकडे पाहिलं. छोटूनं पाहिलं नाही. आणि त्याच्या शेजारी काकूंची मुलगी होती. बिस्किटाचा अर्धा चावलेला तुकडा ती ज्याला त्याला उंच करून दाखवत होती, देत मात्र कुणालाच नव्हती! ती फुग्याकडे बोट दाखवायची, मग मान वळवून काकूंकडे बघायची, पुन्हा फुग्याकडे बघायची. 'तुला दिसला का गं?' एवढं सगळं ती एका शब्दाशिवाय बोलत होती. सगळं त्या कॅसेटमध्ये होतं. सतरा वर्षं माळ्यावर पडून होतं.

मग ते दृश्य आलं. पडद्यावरची दोन वेण्यांची मी टोपी नाचवते, आणि मग माझा हात हळूच छोटूच्या दंडाकडे जातो. मामाचा कॅमेरा नेमका तिथंच होता! माझ्या हातातलं पेन गळून पडलं. "आई, मुंगी नव्हती," मी म्हटलं, आणि मला पुढं बोलताच येईना.

आईनं चित्र थांबवलं. माझ्या पाठीवरून हात फिरवला. "मला तेव्हाच ठाऊक होतं गं," ती म्हणाली, "दंडावर नखं उमटली होती. मुंगीला कुठली नखं? तूही त्याला हाकच मारत होतीस. तुझी रीत तेवढी चुकली."

मग मी वही तिच्यापुढं धरली. "आता हे बघ. यातल्या किती हाका तुझ्या आहेत, मोज." आईनं चष्मा लावून मोजलं. ४१ पैकी २६ हाका तिच्या होत्या. वडे तळता तळता मारलेल्या, पाहुण्यांना पाणी देता देता मारलेल्या, त्याच्यापुढं गुडघे टेकून, टाळ्या वाजवून मारलेल्या. "ही माया कमी पडलेली आई आहे का?" मी विचारलं. आई पडद्याकडे बघत राहिली. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "नाही गं. ही बिचारी तर हाका मारून मारून दमलीय."

तेरा वर्षांपूर्वी डॉक्टरबाईंनी सांगितलेलं आईला त्या दुपारी पटलं.

आणखी एक गोष्ट होती. आई नेहमी सांगायची, "दोन महिन्यांचा होता तेव्हा बघायचा गं माझ्या डोळ्यांत. मग बघायचा कमी झाला." कुणी तिच्यावर विश्वास ठेवायचं नाही. २०१३ साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात वॉरन जोन्स आणि अमी क्लिन या अमेरिकेतल्या संशोधकांचा अभ्यास छापून आला. बाळ कुठं बघतंय हे टिपणारी यंत्रं वापरून त्यांनी तान्ही बाळं महिन्यामागून महिने पाहिली होती. पुढं स्वमग्न ठरलेली मुलं सुरुवातीला इतरांसारखीच डोळ्यांकडे बघत होती. २ ते ६ महिन्यांच्या दरम्यान ते बघणं हळूहळू उतरत गेलं होतं. मी हे आईला वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली, "सांगत नव्हते का मी?"

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाच्या घरी, शेजारी, मावशीकडे तान्हं बाळ असेल. आता तुम्ही त्याला पन्नास हाका मारून वहीत रेघा मारायला लागाल! तसं करू नका. मीही माझ्या मुलीशी तेच केलं होतं, आणि ती बिचारी वैतागून गेली. अभ्यासातलीसुद्धा २२ पैकी २ मुलं चुकीच्या गटात गेली होती, हे विसरू नका. एखादं बाळ लाजाळू असतं, एखादं झोपेला आलेलं असतं, एखाद्याच्या कानात सर्दीमुळं दडे बसलेले असतात. एका खुणेवरून काहीच ठरत नाही. ठरवण्याचं काम तज्ज्ञांचं. आपलं काम एवढंच, की लक्ष ठेवायचं आणि शंका आली तर मोठ्यांना सांगायचं.

आता आई-बाबांसाठी दोन शब्द. बाळ साधारण दोन महिन्यांचं झालं की हसण्याला हसून उत्तर देऊ लागतं. नऊ महिन्यांच्या सुमाराला आपल्या नावाला वळतं. वर्षाचं होईतो टाटा करतं, हात वर करून 'घे' म्हणतं, आणि मग बोट दाखवू लागतं. बोट दोन प्रकारचं असतं. 'मला ते दे' हे एक, आणि 'ते बघ ना!' हे दुसरं. दुसऱ्या बोटाला काही नको असतं. आपला आनंद तेवढा वाटायचा असतो. दीड वर्षापर्यंत हे दुसरं बोट दिसलं नाही, किंवा यांतल्या बऱ्याच गोष्टी जागेवर नसल्या, तर वाट बघत बसू नये. आणि आलेले शब्द किंवा हसणं-खेळणं मागं गेलं, तर कोणत्याही वयात लगेच बाळाला दाखवावं. कानही तपासावेत. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी पालकांनी उत्तरं द्यायची एक २० प्रश्नांची यादी बालरोगतज्ज्ञांकडे असते. तिच्यातला पहिलाच प्रश्न असा आहे, की तुम्ही बोटानं काही दाखवलं तर मूल तिकडं बघतं का? म्हणजे आपल्या आज्ज्यांचा चांदोमामाच की हा! अंगणवाडीत आणि शाळांत मुलांना तपासायला येणारं सरकारी पथकही २०१३ पासून वाढीतल्या अशा अडचणी पाहतं आणि जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं.

दोष मात्र शोधत बसू नका. आईची नोकरी, ग्रहण, नजर, कशाचाही यात संबंध नाही. लसीमुळं असं होतं, अशी आवई १९९८ सालच्या एका लेखानं उठवली होती. तो लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं २०१० साली रद्द केला. मुलांना लशी बिनघोर द्या. आजकाल सगळं खापर मोबाइलवर फोडतात. मोबाइल कमीच बघावा, पण आमच्या घरात १९९७ साली मोबाइल नव्हताच!

लवकर ओळखल्यानं काय होतं? स्वमग्नता जात नाही. पण मूल ज्या वयात झपाट्यानं शिकतं, त्या वयात त्याला त्याच्या रीतीनं शिकवता येतं. छोटूची चार वर्षं त्यात गेली. आमच्या लहानपणी अपंगांसाठी १९९५ सालचा कायदा होता, त्यात स्वमग्नतेचं नावच नव्हतं. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं, २०१६च्या नव्या कायद्यातही आहे. तेव्हा आम्ही अंधारात चाचपडलो, तसं आता कुणाला चाचपडावं लागू नये.

मुंबईहून परतल्यावर आईच छोटूची मास्तरीण झाली. ती त्याच्याशेजारी जमिनीवर बसायची आणि झाकणं फिरवायची. हो, त्याच्याबरोबर! मग मध्येच एक झाकण लपवून थांबायची. त्यानं तिच्याकडे पाहिलं, की लगेच द्यायची. असं महिनोन् महिने चाललं. झाकणावरून तो आईच्या हातावर आला, हातावरून डोळ्यांवर. मीही शाळेतून आले की दप्तर टाकून त्यांच्यात बसायची. आधी मी त्याला माझ्या खेळात ओढत होते, आता त्याच्या खेळात शिरायला शिकले.

२००३ सालची गोष्ट. छोटू सात वर्षांचा होता. आम्ही तिघं सांगलीच्या एसटी स्टँडवर आजोळच्या गाडीची वाट बघत उभे होतो. तेवढ्यात फाटकातून एक लाल गाडी वळण घेत आत आली. छोटूनं माझं मनगट धरलं नाही. त्यानं स्वतःचा हात उचलला. बोट गाडीकडे केलं. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा गाडीकडे पाहिलं.

ती आमची गाडी नव्हती. त्याला तिच्यात बसायचं नव्हतं. ती त्याला मला दाखवायची होती!

मी भर स्टँडवर ओरडले, "दिसली रे छोटू! दिसली!" लोक बघायला लागले. आई एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातानं तोंड झाकून उभी होती.

आता छोटू रोज सकाळी बाबांच्या ओळखीच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात जातो. माल लावायचं काम त्याच्याकडे आहे आणि त्यात चूक होत नाही. बोलतो मोजकं. सांगली स्टँडवरून कुठली गाडी कधी सुटते, हे मात्र त्याला विचारावं! माझी मुलगी सुट्टीत सांगलीला गेली, की दोघं संध्याकाळी गच्चीवर जातात. लहान होती तेव्हा ती त्याला चांदोमामा दाखवायची. "मामा, बघ!" तो चंद्राकडे बघायचा, मग तिच्याकडे बघायचा, आणि म्हणायचा, "बघितला. साडेसातची कोल्हापूर गेली. चल खाली."

ती टोपी आईनं जपून ठेवली आहे. चमकी सगळी झडली, नाव मात्र अजून वाचता येतं.